वादळ हुकलं तेव्हा

मांडवीला आमच्या शेजारी भूगोलाच्या निवृत्त बाई राहतात. दर वाक्यानंतर "कळलं ना?" विचारायची त्यांची सवय अजून गेलेली नाही, त्यामुळे आम्हा मोठ्यांनाही त्यांचा थोडा धाकच वाटतो. मे महिन्यात वादळाचा इशारा आला, तशा त्या घरोघर फिरल्या. "समुद्र तापलाय. गरम पाण्यावर वादळ पोसतं, कळलं ना? निघा!"

सगळी आळी वरच्या शाळेत गेली. किनाऱ्यालगत पत्र्याच्या घरात राहणारी म्हातारी काकी मात्र कोंबड्या सोडून हलेना. बाईंनी वाद घातला नाही. कोंबड्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागल्या. काकी शिव्या घालत मागोमाग आली.

सकाळी कळलं, वादळ भर समुद्रातच विरलं.

"कुठं गेलं गो तुझं वादळ?" काकी भडकली.

मला वाटलं, बाई ओशाळतील. पण त्या खळखळून हसल्या. "उंचावरच्या वाऱ्यांनी त्याचा माथाच एकीकडे ढकलला, काकी. कोरडी हवाही आत शिरली. नुसत्या गरम पाण्यावर भागत नाही."

बोलता बोलता त्यांनी काकीचे दोन्ही हात घट्ट धरले. "चुकले मी काकी. किती बरं झालं, चुकले!"