भेटायला आलेलं माणूस

रविवारी दुपारी आईचा धाकटा भाऊ, आमचा वसंतमामा, साताऱ्याहून तिला भेटायला आला. घरात आई आणि मी, दोघंच होतो. गेल्या वर्षीच्या फ्लूने आईची फुप्फुसं पार दुबळी झाली आहेत. पुन्हा झाला तर निभावणं कठीण, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणून तिला लस दिली आहे, आणि दाराशी साबण आणि मास्क ठेवले आहेत.

मामा सारखा शिंकत होता. मी म्हटलं, "मामा, आज नको. बरं वाटलं की ये."

"बहिणीला भेटायला आता मुहूर्त काढू का रे?" म्हणत त्याने हात धुतले, मास्क लावला आणि आत गेला.

आईने हात पुढे करून तो मास्क हनुवटीखाली ओढला. "तोंड तरी बघू दे तुझं. किती वाळलास!" मामा हसला आणि लगेच खोकला. तिने मान वळवली नाही.

मी पाहत राहिलो. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला आलेल्यांचाच आधार वाटतो, आणि आजारही त्यांच्याच श्वासातून येतो. यातून वाट मला सापडलेली नाही. सापडेल असं वाटतही नाही.

मंगळवारी सकाळी आईचं अंग तापलं. मी कपाळावर हात ठेवला तेव्हा तिने डोळे उघडले.

"वसंताला सांगू नकोस," ती म्हणाली. "यायचा थांबेल."