क्लचची हवा आणि माझा पाय

आमच्या पिकअपचा क्लच बसला की माझा नवरा आधी मला हाक मारायचा आणि मग पाना शोधायचा. पाना सापडला नाही तरी चालायचं, मी मात्र सापडायलाच हवी होते. पाना काही बोलणी खात नाही.

ज्यांच्या दारात अशी गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते. क्लचचं पेडल दाबलं की नळीतलं तेल पुढं सरकतं आणि खाली गिअरबॉक्सजवळचा दांडा ढकलतं. त्या तेलात हवा शिरली की पेडल भिजल्या कणकेसारखं मऊ होतं आणि गिअर पडत नाही. मग हवा काढावी लागते आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं गाडीखाली निजून तिथलं हवा सोडायचं निप्पल सैल करायचं, हवा फुरफुरत बाहेर आली की ते पुन्हा कसायचं. कसून होईपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत.

वरचं माणूस मी. हुशार माणूस अर्थातच खाली.

"दाब," तो खालून ओरडायचा. मी दाबायचे. "अजून दाब. धर. धर म्हणलं ना. सोड." मी सोडायचे. असं बराच वेळ चालायचं. मग तो घामाघूम होऊन बाहेर यायचा, पेडल दाबून बघायचा, ते तसंच मऊ. की लगेच गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "पाय उचलला ना तू? धर म्हणून सांगून राहिलो, तरी उचलला."

मी पाय उचललेला नसायचा. त्याचं "सोड" आधी यायचं आणि पाना फिरल्याचा आवाज मागून, एवढं मला वर बसून नुसतं कानांनी कळत होतं. एकदा तसं बोलले. "तू मला शिकवू नको," म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, आणि आमच्या घरात अंगण म्हणजे मी.

ओट्यावर हळकुंडं निवडत बसलेल्या सासूबाई मग सुपातून मान वर न काढता म्हणायच्या, "तिचा पायच तसा हाय. आल्यापासून पाहून राहिले." त्या पाहतच होत्या. बोअर आटलं ते माझ्या पायगुणानं, म्हैस आटली तीही माझ्याच. एका वर्षी हळदीचा भाव पडला तोही माझ्या नावावर आला. माझ्या पायानं भाव पडतो हे हिंगोलीच्या व्यापाऱ्यांना कळलं असतं, तर त्यांनी मला पालखीतून बाजारात नेलं असतं.

आणि एरवी याच गाडीत मला पुढं बसायची मुभा नव्हती. काचेवर "आईची पुण्याई" रंगवलेलं, समोर देवाची तसबीर, लिंबू-मिरची. मी मागं, कट्ट्यांवर, म्हणजे हळदीच्या पोत्यांवर. क्लच बसला की मात्र देवालाही माझा पाय चालायचा. काम झालं की माझा नवरा अगरबत्ती लावायचा आणि पेडलवर पाणी शिंपडायचा, ते शुद्ध व्हावं म्हणून. नवऱ्याची कीव यावी असं बायकांना शिकवतात. मला किळस यायची.

मिस्त्रीनं त्याला साफ सांगितलं होतं, खालच्या सिलिंडरचं रबर गेलंय, ते बदला, मग हवा शिरणार नाही. पण मिस्त्रीचं ऐकलं तर मग पायाचं काय करायचं? फाट्यावरच्या हॉटेलात बसणारी मंडळी मोबाइलवर व्हिडिओ दाखवून सल्ले द्यायची. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. त्यांच्यातल्या एकाचाही हात कधी काळा झालेला मी पाहिला नाही.

मध्ये सासूबाईंना अशक्तपणा आला. कुरुंद्याच्या दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं. मी शेजारी बसून होते. सिस्टरनं सुई लावायच्या आधी नळीतलं थोडं पाणी सोडून दिलं, नळीला टिचकी मारली, आणि आत अडकलेले बुडबुडे सरसर वर गेले. मी बघत होते आणि मला भयंकर राग येत होता. हवेला वर जायचं असतं. गोष्ट एवढीच. आणि हा माणूस इतकी वर्षं तिला वरून खाली ढकलत होता, तेही माझ्या पायानं.

ती नळी मी मागून घेतली. घरी धुतली, उन्हात खडखडीत वाळवली, कारण तेलात पाण्याचा थेंब गेला तर रबर सडतं. वासराला औषध पाजायची मोठी पिचकारी गोठ्यात पडून होती, सुई नसलेली. तीही धुतली, वाळवली. नळी पिचकारीच्या तोंडावर बसवून वरून सायकलच्या ट्यूबची चिंधी आवळून बांधली. झालं हत्यार. यात अक्कल लागते असं मी म्हणणार नाही. तशी लागत असती तर माझ्या नवऱ्याला आपण अकलेनं मागं पडलो एवढं समाधान तरी मिळालं असतं.

क्लच बसलेला होता म्हणून तो दुसऱ्याच्या मोटारसायकलवर हट्टा गावात लग्नाला गेला. मी पदर खोचला आणि गाडीखाली शिरले. पिचकारीत नवं तेल भरलं, नळी निप्पलला लावली, निप्पल सैल केलं आणि दट्ट्या दाबला. सगळं तेल कोपरावरून ओघळत काखेत. नळी तिथंही बांधायला हवी होती. बांधली. पुन्हा दाबला, तर वरची, बॉनेटखालची तेलाची डबी आधीच भरलेली, ती उतू गेली. मग डबीतलं थोडं तेल पिचकारीनंच ओढून काढलं आणि खालून अगदी हळू दाबत गेले. निप्पल कसलं, उठून पाहिलं. डबीत बुडबुडे वर येऊन फुटत होते. पेडल दाबलं. घट्ट.

"काय करून राहिली?" सासूबाईंनी ओट्यावरून विचारलं.

"हवा काढून राहिले, आत्याबाई."

"एकटीच?"

"एकटीच. पायाचं कामच न्हाई यात."



नवरा आला. पेडल दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं. "आपोआप झालं असंल बराबर," म्हणाला. मी नळी दाखवली. दुसऱ्या दिवशी तो ती फाट्यावर घेऊन गेला आणि संध्याकाळपर्यंत ती त्यानं बनवलेली झाली. माणसं मागायला येऊ लागली. सासूबाई त्यांना चहा देताना सांगायच्या, पोरगं लहानपणापासून डोकेबाज. त्यांनी माझं काम डोळ्यांनी पाहिलं होतं. पण लेकाच्या तोंडापुढं आईच्या डोळ्यांचं काय चालतं?

रबर बदललं नव्हतंच. क्लच पुन्हा बसला.

"ये, बस वर," नवरा म्हणाला.

"आता काहून? पिचकारीला पाय लागत न्हाई."

"बस म्हणलं ना."

बसले. तो नळी आणि पिचकारी घेऊन खाली गेला. चिंधी न बांधता, घाईनं त्यानं दट्ट्या दाबला असणार, कारण नळी सुटल्याचा फट्‌ आवाज आला आणि मागोमाग थुंकल्याचा. तेल तोंडावर उडालं होतं.

"पाय उचलला ना तू?" तो खालून ओरडला.

गाडीचं दार उघडं होतं. ओट्यावर सासूबाईंचा हात सुपात थांबला. त्या माझ्याकडं बघत होत्या. मी चपला काढून, सीटवर मांडी घालून, देवाच्या तसबिरीसमोर बसले होते.

"तिचे पाय वरच हायेत रे," सासूबाई म्हणाल्या. "बसल्यापासून वरच हायेत."

मी पाय खाली घेतले नाहीत.