धुळे–जळगाव, टाकी फुल्ल

"प्रवाशांनी लक्ष द्या! धुळ्याहून पारोळा, एरंडोलमार्गे जळगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर उभी आहे!"

फलाट क्रमांक एक म्हणजे माझं फाटक, गाडी म्हणजे माझी नवीकोरी हायब्रिड मोटार, आणि पुकारणारे म्हणजे आमचे धुळ्याच्या देवपुरातले शेजारी, नाना. बसस्थानकावर जाळीच्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तेव्हा माइक तिथेच राहिला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले. उजव्या हाताचा द्रोण तोंडापुढे धरायचा, एकदा खाकरायचं आणि पुकारायचं. नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीला ते असंच कळायचं.

आता माझ्याविषयी थोडं, कारण त्याशिवाय नाना गाडीत कसे आले ते कळणार नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गाडी विकणाऱ्या पोरानं सांगितलं, "सर, लिटरला अठ्ठावीस देते." माझ्या हाताला पहिल्या महिन्यात एकोणीस लागले. दुसरा कुणी असता तर चार शिव्या देऊन गप्प बसला असता. मी प्रयोग मांडला. मोबाइलमध्ये तक्ता केला. एकच पंप, एकच मशीन, सकाळची एकच वेळ, चाकांत तीच हवा. पायाखाली अंडं ठेवल्यासारखा मी ॲक्सिलरेटर दाबू लागलो. मागून ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढे जायचे. बायको दोनदा बरोबर आली, आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी चालत येते."

नानांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. मुलगी जळगावला. तिच्या इमारतीला लिफ्ट, घराजवळ दवाखाना, म्हणून तिनं आईला तिकडे नेलं. नाना मात्र धुळ्यातच राहिले. "पोरीना घर मी ऱ्हाऊ? जावयाना दारशी?" एवढंच त्यांचं म्हणणं. लेकीच्या घरचं ते पाणीसुद्धा पीत नसत. आठवड्यातून एकदा एसटीनं जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. पुढे गुडघ्यांनी बसची पायरी चढणं नाकारलं. मी म्हटलं, "नाना, मी सोडतो." ते म्हणाले, "कोनाना उपकार नको, सर."

मग एका रविवारी मी पंपावर टाकी भरत असताना नाना शेजारी येऊन उभे राहिले. पाइपचा खटका आपोआप पडला, मशीन थांबलं. नाना म्हणाले, "हाई फुल्ल नही शे. टाकीत हवा शे. गाडी हलवा." खानदेशात टाकी भरणं म्हणजे झाकणाशी पेट्रोल चमकेपर्यंत भरणं, हे तुम्हालाही ठाऊक असेल. मी डावीकडून, ते उजवीकडून, असे आम्ही दोन सुशिक्षित गृहस्थ भर पंपावर गाडी पाळण्यासारखी हलवू लागलो. मागची रांग आरडत होती. पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, झोपली असेल ती, बस करा आता." असं काठोकाठ भरू नये, असं गाडीच्या पुस्तकात स्पष्ट छापलेलं आहे. मी ते पुस्तक पुढे पुष्कळ दिवसांनी उघडलं.

त्या दिवशी मला शास्त्रीय साक्षात्कार झाला. "नाना," मी म्हणालो, "प्रयोगात गाडीवरचं वजनही तेच राहिलं पाहिजे. दर रविवारी जळगावपर्यंत तुम्ही शेजारी बसायलाच हवं, नाहीतर माझा तक्ता बिघडतो."

नानांनी टाकीचं झाकण घट्ट फिरवलं. "मंग तसं म्हना ना! कामच शे तर येस मी."

मी हे दयाबुद्धीनं केलं असं कृपा करून समजू नका. माझा त्या तक्त्यावर खरोखर विश्वास होता.

पहिल्याच फेरीत चौकातल्या सिग्नलला इंजिन आपोआप थांबलं. नाना दार उघडून खाली उतरायला निघाले. "बंद पडनी ना गाडी!" मी सांगितलं की बंद नाही, आता बॅटरीवर चालेल. सिग्नल सुटला, गाडी आवाज न करता निघाली, आणि नानांनी दारावरचं हँडल जे धरलं ते पारोळ्यापर्यंत सोडलं नाही. पुढे सवय झाली. इतकी, की इंजिन थांबलं की ते गाडीच्या पडद्यावरचा ॲव्हरेजचा आकडा मोठ्यानं वाचायचे आणि वाढला की माझ्या मांडीवर थाप मारायचे. एसी मात्र लावू द्यायचे नाहीत. ॲव्हरेज पडतं म्हणे. खानदेशातला मे महिना आम्ही दोघांनी काचा उघड्या टाकून काढला आणि वाऱ्यानं ॲव्हरेज पडतं हे मी त्यांना सांगितलं नाही. खरं तर मला तेव्हा ते माहीतच नव्हतं.

जळगावला पोचलं की ते वर जायचे, काकूंच्या पलंगाशी बसायचे. दुपारी खाली येऊन माझ्या गाडीत बसून स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा खायचे, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे. लेक वरच्या खिडकीतून बघत असायची. संध्याकाळी ते उठले की काकूंचा डावा हात चादरीवर नुसता फिरत राहायचा. लेक म्हणायची, "नाना, एक रात थांबा ना. ती रात्रभर दाराकडे बघत असते." नाना चपला शोधत म्हणायचे, "शेवटली गाडी चुकी जाई ना बेटा."

शेवटची गाडी खाली मीच उभी करून ठेवलेली असायची. ती चुकणं शक्य नव्हतं, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

आणि मग मला विक्रमाची बाधा झाली. एका टाकीत एक हजार किलोमीटर! त्या रविवारी निघतानाच पेट्रोलचा दिवा लागला होता. नाना म्हणाले, "सर, दिवा लागना."

"लागू द्या. दिव्यानंतरही पुष्कळ असतं."

"पंप उना, सर."

"परतताना भरू."

एरंडोल मागे पडलं. पडद्यावर नऊशे एक्क्याऐंशी दिसत होतं आणि मी गुणगुणत होतो. तेवढ्यात इंजिन थांबलं. मी म्हणालो, "आता बॅटरी." बॅटरीनं इमानेइतबारे थोडं अंतर नेलं आणि मग तीही बसली. दोन्हीकडे कापसाची शेतं, डोक्यावर ऊन, आणि गाडीत आम्ही दोघं.

तितक्यात लेकीचा फोन आला. काकूंनी कालपासून तोंड उघडलं नव्हतं. पाण्याचा चमचासुद्धा आत जात नव्हता. "नाना, कुठे आहात तुम्ही?"

नानांनी फोन खिशात टाकला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी काहीतरी पुटपुटलो, त्याचा अर्थ मलाही लागला नाही.

मागून एसटी येताना दिसली. तिथे थांबा नव्हता. नाना रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, हात वर केला, दुसऱ्या हाताचा द्रोण तोंडाशी धरला आणि ओरडले, "जळगाव! एक सीट!" असा हुकूम त्या चालकानं माइकशिवाय कधी ऐकला नसावा. गाडी थांबली. नाना दांडीला लोंबकळत, गुडघ्यांना शिव्या देत चढले. बस गेल्यावर मी पाहिलं, तर त्यांचा डबा आणि पाण्याची बाटली सीटवरच होती.

शेवटी एका मोटारसायकलवाल्यानं आपल्या टाकीतून पेट्रोल काढून दिलं. गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "दोन इंजिनं शेतस म्हने हिले. मंग दोन्ही कशी काय बंद पडनी?" भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं त्याच्या हातात पैसे ठेवले आणि गाडी सुरू केली.

मी वर पोचलो तेव्हा दुपार टळली होती. नाना पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते, मांडीवर ताट. एक घास स्वतःच्या तोंडात, एक काकूंच्या. लेक स्वयंपाकघराच्या दाराला टेकून रडत होती. तिनं मला हळूच सांगितलं, नानांनी घास पुढे केला तर आईनं तोंड घट्ट मिटलं आणि डाव्या हातानं त्यांच्याकडे बोट केलं. आधी तुम्ही. दोनदा, तीनदा तेच. नानांचा डबा तर माझ्या गाडीत. मग नानांनी लेकीच्या घरच्या वरणभाताचा घास आयुष्यात पहिल्यांदा तोंडात घातला, आणि काकूंनी तोंड उघडलं.

संध्याकाळी मी विचारलं, "नाना, निघायचं ना?"

त्यांनी हाताचा द्रोण तोंडाशी नेला, पण आवाज नेहमीचा निघाला नाही. "प्रवाशांनी लक्ष द्या," ते हळू म्हणाले, "जळगाव–धुळे गाडी आज रद्द करण्यात आली आहे." माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही निघा, सर. रस्त्यात पेट्रोल टाका."

पुढच्या रविवारी मी त्यांचे कपडे, औषधं आणि चष्म्याचं घर घेऊन गेलो. दार लेकीनं उघडलं. नाना काकूंच्या पायांना तेल चोळत होते. मी खुर्ची ओढून बसलो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ खूप वेळ हलत राहिले, शब्द जुळवत असाव्यात. मग तक्रारीच्या सुरात, अडखळत, पण स्वच्छ म्हणाल्या, "रातभर... घोरस हाऊ."

नानांचा तेलाचा हात तसाच थांबला. "ऐकं का, सर?" ते म्हणाले. "बोलनी! माले नावं ठेवाले बोलनी ती!" हसता हसता त्यांनी बाहीनं तोंड पुसलं आणि सगळ्या तोंडाला तेल लागलं.

परतीच्या वाटेवर शेजारी कुणी नव्हतं. एरंडोलच्या पुढे मी एकटाच मोठ्यानं हसलो, आणि मग डोळे पुसायला गाडी कडेला घ्यावी लागली.