बर्फाची शिसारी

मला घाण वासाची सवय आहे, हे आधी सांगतो. उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथं गोठ्याला लागूनच चूल होती आणि शेण भरल्याशिवाय मी कधी शाळेत गेलो नाही. पुढं नोकरी लागली ती महाडच्या एमआयडीसीत, कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात. लग्नाआधी बिरवाडीत आम्ही काही कामगार एका खोलीत भाड्यानं राहायचो, सगळ्यांचे घामट कपडे एकाच दोरीवर. निवृत्त होईपर्यंत माझ्या अंगाला कारखान्याचा वास यायचा आणि बायकोनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तेव्हा मी नाजूक नाकाचा माणूस नव्हे. तरी गेल्या हिवाळ्यात लेकीनं आम्हाला ऑस्ट्रियातल्या बर्फात नेलं, त्या आठवड्याची आठवण निघाली की अजून घशाशी येतं.

लेक आणि जावई जर्मनीत नोकरी करतात. नात पाच वर्षांची. लेक दर हिवाळ्यात स्कीइंगला जाते हे आम्हाला फोटोंवरून माहीत होतं. आम्ही पहिल्यांदाच तिच्याकडं जाणार म्हणून तिनं मोठ्या हौसेनं सगळं ठरवलं. "बाबा, हे ठिकाण खास फॅमिलीवाल्यांसाठी आहे. लहान मुलांना शिकवायला माणसं असतात, तुमच्यासारख्यांना बसायला उन्हात खुर्च्या असतात. काही म्हणजे काही करावं लागत नाही." तिनं पाठवलेल्या फोटोंत निळंभोर आकाश होतं, पांढरा डोंगर होता आणि गाल लाल झालेली मुलं हसत होती. बायकोनं ते फोटो महाडच्या आमच्या इमारतीत मजल्या-मजल्यावर दाखवून आणले.

पहिल्याच दुपारी आम्हाला आमच्या हॉटेलच्याच बुटांच्या दुकानात नेलं. तिथं स्कीइंगचे बूट भाड्यानं मिळतात. तळघरासारखी खोली, खिडकी नाही. भिंतभर लोखंडी नळ्या आणि प्रत्येक नळीवर उलटा अडकवलेला एकेक प्लास्टिकचा जाडजूड बूट. नळ्यांतून गरम हवा येत होती. बूट सुकावेत म्हणून ती सोय, पण मला वाटलं ते तिथं शिजतायत. जावई म्हणाले, "बाबा, एकदा घालून तर बघा, नुसतं उभं राहायला." मी पाय आत घातला. आतलं अस्तर कोमट आणि ओलसर होतं. कुणीतरी अनोळखी माणसानं दिवसभर त्यात पाय ठेवला होता आणि त्याची ऊब अजून तिथंच होती. माझा मोजा त्याला चिकटला. मी पाय ओढून काढला आणि नको म्हणालो.

"औषध मारलेलं असतं त्यात," जावई म्हणाले.

"असेल," मी म्हणालो.

आमच्या पुढं एक गृहस्थ काउंटरवरच्या मुलीशी तावातावानं बोलत होते. लेकीनं मला अर्थ सांगितला. हॉटेलच्या मागं मालकांचा गोठा होता, हिवाळ्यात गाई आतच बांधतात, आणि या गृहस्थांना त्याचा वास सहन होत नव्हता. सुट्टीवर येऊन शेणाचा वास का घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. हे ते त्या बुटांच्या खोलीत उभं राहून बोलत होते. सकाळी त्या गोठ्यावरून जाताना मला परदेशात आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर गेलो. रोपवे मला नवा नव्हता, रायगडावर आम्ही पाहुण्यांना घेऊन कितीदा तरी गेलोय. पण हा डबा मोठा, सगळीकडून बंद. लेक, जावई आणि नात पुढच्या डब्यात बसले आणि मागच्यात आम्ही दोघं दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर. नवरा, बायको आणि चारेक वर्षांचा मुलगा. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट, हातात अर्धवट खाल्लेलं चॉकलेट. त्याचा चेहरा पिवळा पडला होता. माझ्या बायकोच्या ते लक्षात आलं. तिनं मला कोपरानं खुणावलं, तोवर मुलगा ओकला. निम्मं तिच्या शालीवर, निम्मं बापाच्या बुटांवर.

बापानं खिशातून रुमाल काढला आणि स्वतःचे बूट पुसले. अगदी नीट, पट्ट्यांच्या खाचांतून बोट फिरवून. पोरगं थरथरत उभं होतं, हनुवटीवरून ओघळ चाललेला. आई फोन धरून काचेतून डोंगराचं शूटिंग करत होती. तिनं एकदा मागं वळून बघितलं, काहीतरी म्हणाली आणि परत काचेकडं वळली. शेवटी माझ्या बायकोनं शालीच्या कोरड्या टोकानं त्या मुलाचं तोंड पुसलं, हेल्मेटचा पट्टा सैल केला आणि वर पोचेपर्यंत त्याची पाठ चोळत राहिली. डब्याला उघडणारी खिडकी नव्हती. दूध, चॉकलेट आणि कसल्यातरी मटणाचा आंबूस वास. मी श्वास धरून बसलो होतो.

दार उघडलं तेव्हा बाप मला "सॉरी" म्हणाला. मला, तिला नाही. आणि मुलाला दंडाला धरून ओढत शिकवणीच्या रांगेकडं घेऊन गेला.

वर एक मोठं खाणावळवजा हॉटेल होतं. फरशीवर वितळलेल्या बर्फाचा काळा चिखल, त्यात टिश्यूपेपर. ओल्या लोकरीचा, तेलाचा आणि चीजचा एकत्र वास. सकाळीच माणसं बिअर पीत होती. आम्ही बसलो आणि लेकीला शालीचा वास आला. काय झालं ते बायकोनं सांगितलं.

"आई, ती टाकून दे बाई इथंच. लोक बघतायत."

"धुऊन टाकते."

"अगं, आपण नवी घेऊ. अशी घेऊन नको ना बसूस."

बायको उठली. संडासातल्या बेसिनमध्ये शाल धुऊन आणली आणि पिळून मांडीवर घेऊन बसली. आम्ही नाक मुरडावं असं त्या हॉटेलात बरंच काही होतं, पण माझ्या लेकीला नेमकी आईची शाल खुपली. मला लेकीकडं बघवेना.

तेवढ्यात जावयांनी मागवलेलं पातेलं आलं. उकळतं चीज. लांब काट्याला पावाचा तुकडा लावायचा, त्यात बुडवायचा, खायचा आणि तोच काटा परत त्यात घालायचा. वाडीवर आम्ही भावंडं एका ताटात जेवायचो, पण वाढायच्या भांड्यात उष्टा हात गेला तर आई पाठीत धपाटा घालायची. इथं शेजारच्या टेबलावर एक आजोबा काटा चाटूनपुसून परत पातेल्यात घालत होते आणि त्यांची अख्खी फॅमिली मिटक्या मारत होती. मी कोरडा पाव खाल्ला. जावयांना वाईट वाटलं, हे दिसलं मला. पण घशाखाली जाईना त्याला काय करणार.

बर्फाचंही सांगतो. लांबून पांढरा. जवळून बघितलं तर पायवाटेवर तपकिरी, कडेला सिगारेटची थोटकं, आणि झाडांच्या बुंध्याशी पिवळा. खालच्या उतारावर तर तो पडलाच नव्हता. यंत्रानं फवारून एक पट्टा तयार केला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कुजकं गवत. त्या पट्ट्यावर सगळी मुलं शिकत होती.

नातीची शिकवणीही तिथंच. तिसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो नाही, कुंपणाबाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. लेक आणि जावई डोंगराच्या माथ्यावर गेले. मुलं एका सरकत्या पट्ट्यावर उभी राहून थोडी वर जायची आणि घसरत खाली यायची. काही रडत होती. रडणाऱ्याकडं कुणी बघत नव्हतं. शिकवणारी तरुण मुलगी हसून टाळ्या वाजवायची आणि पुढच्याला ढकलायची.

आमची नात बाजूला उभी होती, पाय फाकवून, अजिबात न हलता.

"तिला शू झालीय," बायको म्हणाली.

"इतक्या लांबून तुला काय कळतं?"

"कळतं मला."

मी कुंपणापाशी गेलो, शिकवणाऱ्या मुलीला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ती गोड हसली आणि म्हणाली, वर्ग संपला की आईवडील येऊन नेतील, दुसऱ्या कुणाला मूल देता येत नाही. मी आजोबा आहे म्हटलं. तिनं परत तेच सांगितलं. लेकीला फोन लावला, ती उचलेना. जावयांचा फोन बंद. नातीनं आमच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. ती रडली असती तर मला इतकं लागलं नसतं.

बायकोनं साडी थोडी वर खोचली आणि कुंपणाच्या दोरीखालून आत गेली. ती मुलगी हात आडवा धरून पुढं आली. बायको तिला मराठीतच म्हणाली, "बाई, ती ओली झालीय. थंडीनं आखडेल." आणि तिनं नातीला पायांतल्या स्कीच्या फळ्यांसकट उचललं.

संडासात तिचा तो जाड सूट उतरवला. मोजे निथळत होते. मांड्या लाल आणि गार. कधीपासून ती तशी उभी होती कोण जाणे. मी अंगातला स्वेटर काढून दिला, बायकोनं तो तिच्या पायांत चढवला. तेव्हा नात हळूच म्हणाली, "आजी, आईला सांगू नको. रडलं की टीचर स्टिकर देत नाही."

मला शिसारी आली. कालच्या त्या डब्यात आली नव्हती इतकी.

दुपारी लेक खोलीत आली ती तापलेलीच. वर्गातून तिला कळवलं होतं.

"बाबा, असं मध्येच उचलून आणतात का? आता ती उद्या जायचीच नाही."

"ती ओल्यात उभी होती."

"सगळ्यांचं होतं ते. सगळी मुलं असंच शिकतात."

"वाडीवर तुझ्या आत्यानं वासरूसुद्धा असं ओल्यात ठेवलं नसतं," मी म्हणालो.

ती पलंगाच्या कडेला बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आत्या दिवसभर घरी असते, बाबा. आम्ही दोघं वर्षभर पळत असतो. हिला पाळणाघरातून आणायलासुद्धा आमची भांडणं होतात. वर्षात हे एवढेच दिवस मी डोंगरावर मोकळी असते. तेवढंही नको का मला?"

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. हे मी फोटोंत कधी बघितलं नव्हतं. मला तिचं वाईट वाटलं, पण शिसारी काही गेली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोटात राहिल्या. बायको म्हणाली, "पुरे आता," आणि नातीसाठी सोबत आणलेलं मेतकूट काढून भाताची तयारी करायला लागली. हॉटेलच्या खोलीत चहाच्या किटलीत तिनं भात कसा शिजवला, ते तीच जाणे.

नात दुसऱ्या दिवशी वर्गाला परत गेली. कुणी जबरदस्ती केली नाही, स्वतःहून गेली. शेवटच्या दिवशी ती त्या बर्फाच्या पट्ट्यावरून न पडता खाली आली आणि खिदळली. सगळ्या मुलांना प्लास्टिकची पदकं दिली, रडणाऱ्यांनाही. पालकांनी फोन वर धरले. मीही टाळ्या वाजवल्या. नात हसत होती म्हणून वाजवल्या.

परत आल्यावर वाडीवर गेलो. थोरल्या बहिणीला सगळं ऐकायचं होतं. तिच्या दोन म्हशी आहेत, बाकी ती उमरठच्या पलीकडं फारशी जात नाही.

"बर्फ कसा असतो रे?" तिनं विचारलं.

"पिवळा."

"खोटा नको बोलू. फोटूत तर कसा पांढराशिप्पट हाय."

"फोटोत वास येत नाय ना."

तिला बूट सांगितले, उष्टं पातेलं सांगितलं, डब्यातलं पोरगं सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती. कुंपणाचं सांगितलं तेव्हा हसायची थांबली.

"पोर बरी हाय ना आता?"

"बरी हाय."

"आन् लेक?"

 मग लेकीनं जे मला सांगितलं होतं ते सांगितलं. बहीण म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मंग तू तिच्यावर कशाला कावतोस? तिला कोन हाय तिथं?"

यंदा बर्फात चला म्हणून लेकीचा परत फोन आला. मी सरळ सांगितलं, मला नाही जमणार. तिनं आग्रह केला नाही, रागावलीही नाही. बायको मात्र म्हणाली, "मी जाते. पोरीला सांभाळायला कुणीतरी हवं." पिशवीत नातीसाठी लोकरीच्या विजारी भरल्या आणि एकटी गेली.

परवा तिचा फोन आला. यंदा ती कुंपणाच्या आत बसते. आजीकडं मूल द्यायला हरकत नाही, असं लेकीनं पहिल्याच दिवशी जाऊन सांगून ठेवलं होतं. लेक दुपारपर्यंत डोंगरावर असते आणि खाली आली की आईशेजारी बसून गरम पाणी पिते. "बोलते खूप," बायको म्हणाली. "इतकी कधी बोलायची नाही."

"आणि वास?" मी विचारलं.

"येतो की. तसाच येतो."

पुढच्या वर्षी येणार का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. नातीला भेटायला उन्हाळ्यात जाईन, बर्फ नसेल तेव्हा.