खानदानी गांध्या

नांदेडच्या त्या स्किनच्या डॉक्टरांकडे पुढचा पेशंटही आतच स्टुलावर बसवतात, त्यामुळे आपला नंबर येईपर्यंत दुसऱ्याचा आजार फुकट ऐकायला मिळतो. माझ्या आधी बिलोलीकडचे एक काका होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि बाही सारली की लालभडक गांध्या. मिशीला पीळ द्यावा तशा रुबाबात ते मनगट खाजवत होते. शेजारी लेक, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून.

सहा महिने हेच चाललेलं. काका गांध्यांवर आमसूल चोळायचे, खाजेनं डोकं उठलं की ॲस्पिरिन घ्यायचे, आणि गांध्या दुप्पट व्हायच्या.

"ही गोळीच तुम्हाला सोसत नाही," डॉक्टर म्हणाले. "कधीकधी हे रक्तातूनही येतं. घरात अजून कोणाला?"

आपलं नाक आणि राग आजोबांचा आहे, असं मघाशीच मला ऐकवणारे काका ताठ झाले. "न्हाई साहेब. आमच्या खानदानात असलं काईच न्हाई."

लेकीनं बाही आणखी खाली ओढली. "रविवारी पाहुणे येऊन राहिलेत," काका माझ्या कानाशी पुटपुटले.

व्वा! उद्या सासरी पोरीचं डोकं दुखेल, सासू मायेनं तीच गोळी देईल, आणि खानदानाची अब्रू तिच्या अंगभर उठेल. मी मनातल्या मनात त्यांना चांगलंच झापलं.

मग माझा नंबर आला. माझ्याही गांध्याच, गोळी तीच, प्रश्नही तोच. घरी माझ्या लेकीच्या दंडावरही उठतात, आणि तिचं लातूरला जमत आलंय.

"न्हाई," मी म्हणालो. "आमच्याकडे कोणालाच न्हाई."

दारात पोचलेले काका वळले आणि माझ्याकडे बघून सोयऱ्यासारखे हसले.