काळ्या राखेची बाटली

आमच्या विद्यापीठात रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकीची व्याख्यानमाला दरवर्षी भरते. मी मूल गावच्या कॉलेजात रसायन शिकवते, त्यामुळे माझं काम ठरलेलं. पोरं बसमध्ये कोंबून गडचिरोलीला न्यायची, पुढच्या रांगा भरायच्या आणि पाहुण्यांचा परिचय करून द्यायचा. यंदा ‘आपल्या भागातला वक्ता बोलवू’ असं ठरलं, तेव्हा मी गपचूप साडी काढून ठेवली. धानाच्या तुसाची राख आणि तिच्यातून सिलिका, हा माझा वर्षानुवर्षांचा विषय.

बोलावलं कोणाला, तर बीएस्सीला माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला. ती मुंबईत प्राध्यापक, पण जन्म मूलचा, म्हणून आपल्या भागातली. आणि विषय? तुसाची राख. माझा नुसता जळफळाट झाला. परिचय मात्र मीच करून दिला, तोही गोड आवाजात.

प्रयोग साधा. राख कॉस्टिक सोड्यात उकळायची, गाळायची, त्या द्रावणात थेंबथेंब आम्ल सोडलं की जेली होते. मैत्रिणीसाठी आयोजकांनी भातगिरणीच्या भट्टीतली राख आणून, उकळून तयार ठेवली होती. पाहुणीला काळी राख कशी द्यायची, म्हणून पांढरीशुभ्र निवडून! जास्त आचेवर पांढरी पडलेली राख सोड्यात नीट विरघळत नाही, हे माझ्या पोरांनाही पाठ आहे. मंद आचेची काळीच लागते. काळ्या राखेचं द्रावण माझ्या पिशवीत होतं. कशाला आणलं होतं, विचारू नका.

ती आम्ल सोडत राहिली, पण जेली काही होईना. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात माझी सगळी पोरं माना वळवून माझ्याकडे बघायला लागली. तिनं ते पाहिलं आणि माइकवरूनच म्हणाली, “काई होऊन नाई राह्यलं वं. तुले माहीत असंल तं ये न इथी.”

गेले. बाटली दिली. या वेळी द्रावण गोठलं. तिनं ग्लास उपडा धरला, थेंबही पडला नाही. टाळ्या पडल्या. आता ही पुढं बोलेल, असं मला वाटलं, तर तिनं माइक माझ्या हातात दिला आणि खाली माझ्याच खुर्चीवर जाऊन बसली.

“सांग आता. मले बी आयकू दे.”

मी बोलले. चांगलं बोलले म्हणतात. ती पोरांसारखी लिहून घेत होती.

परतीच्या बसमध्ये पोरं खूश होती आणि मी खिडकीशी धुसफुसत होते. ज्या माइकसाठी मी इतकी वर्षं झुरले, तो तिनं बाकावरच्या शेजारणीला पेन द्यावा तसा देऊन टाकला. तिच्या जागी मी असते, तर दिला नसता.