आयल्सा पेंगलीचे मोजे
आयल्सा पेंगली आमच्या गावच्या बोल्स क्लबातली सगळ्यात तरबेज खेळाडू. हिरवळीवरून जड गोळा लोटावा तर तिनंच. वळत वळत जाऊन तो छोट्या पांढऱ्या चेंडूला अलगद टेकायचा. नवरा वारल्यावर गव्हाची शेती तिनं एकटीनं सांभाळली, पण गुरुवारचा खेळ कधी चुकवला नाही.

चौसष्टच्या फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, पारा एकशे आठ फॅरनहाइटवर गेला, त्या दिवशी ती लांब मोजे न घालता आली. पांढऱ्या स्कर्टखाली उघड्या पोटऱ्या. आमच्याकडे नियम कडक. अध्यक्ष डल्सी ट्रेगोनिंग हंगामाच्या सुरुवातीला आम्हाला गुडघ्यावर बसवून स्कर्टची किनार जमिनीपासून किती वर ते पट्टीनं मोजायची.

"आयल्सा, मोजे विसरलीस वाटतं?" डल्सी म्हणाली.

"नाही गं. घरीच ठेवलेत. उकडतंय."

"उकडतं सगळ्यांनाच. आम्ही घातलेत ना?"

"तेच तर मला कळत नाही," आयल्सा म्हणाली.

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

पुढच्या आठवड्यात सभा भरली. मोजे घालेपर्यंत आयल्सानं खेळायचं नाही, असा ठराव आला. चोवीस हात वर झाले, त्यात एक माझा. दुसऱ्या हातानं मी टेबलाखाली मोज्यातलं घामोळं खाजवत होते.

आयल्सानं वाद घातला नाही. टोपी उचलताना डल्सीला म्हणाली, "चहाची मोठी किटली माझी आहे. राहू दे, लागेल तुम्हाला."

महिन्याभरात तिनं घरामागच्या कुरणातून मेंढ्या हलवल्या, गवत कापलं, रूळ फिरवला आणि स्वतःची हिरवळ केली. मी जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी घेऊन गेले.

"आयडा, तूही हात वर केलास," ती म्हणाली.

"सगळ्याच करत होत्या गं."

"बघत होते मी. तुझा सगळ्यात शेवटी वर गेला. म्हणजे विचार करून केलास."

मी बरणी पायरीवर ठेवली. तिनं माझ्या हातात गोळा दिला. "जमीन डावीकडे उतरतेय, जरा उजवीकडून टाक."

मी पायरीवर बसले, मोजे काढले आणि खेळले. डल्सीला कळायला दोन दिवसही लागले नाहीत. क्लबच्या संघातून मला वगळलं, आणि किराणा दुकानात ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. पहिले काही आठवडे मला त्याचा त्रास झाला. मग गुरुवारची वाट बघण्यात तो विसरले.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सहाजणी झालो. क्लबचा नियम मात्र आणखी अकरा वर्षं टिकला, आणि विजेत्यांच्या फळीवर आयल्साचं नाव पुन्हा लागलं नाही. त्याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं.

"वाटतं की," ती म्हणाली. "चौसष्टची स्पर्धा मीच जिंकले असते."